पाण्याखालचे फोटो: पहिलं सामान कुठल्या क्रमाने घ्यायचं आणि लोकं कुठे चुकतात

बहुतेक जण आधी कॅमेरा घेतात आणि मग तो पाण्यात कसा न्यायचा ते शोधायला लागतात, सगळी गडबड इथेच सुरू होते. त्या मॉडेलचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा आत बसवायची पाणी न शिरणारी पेटी, कोणी बनवलेलंच नसतं, किंवा हाउसिंग असतं पण बाहेरून फ्लॅश जोडायची सोय नसते, किंवा सगळं मिळतं पण लेन्स अशी असते की पाण्यात तिचा काही उपयोग नाही. मग एवढा खर्च करून फोटो येतात ते निळे-हिरवे, धुरकट आणि पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले. क्रम उलटा हवा. आधी तुम्ही स्वतः, मग खोली आणि विषय, मग हाउसिंग आणि कॅमेरा एकत्र, मग लाईट, आणि बाकी सगळं त्यानंतर. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, मधले टप्पे गाळू नका.

टप्पा १: सामानाआधी स्वतःला तपासा

हे सामानाच्या लेखात कशाला असं वाटेल, पण ज्याची बॉयन्सी (न बुडता, न तरंगता एकाच खोलीवर राहणं) पक्की नाही त्याच्या हातात कॅमेरा दिला की तीन गोष्टी हमखास होतात. तो वर-खाली होत राहतो त्यामुळे फोटो हलतात, फिन (पायात घालायचे पंख) मारून तळाची वाळू उडवतो त्यामुळे सगळ्या फोटोत कण येतात, आणि तोल सावरायला कोरलला (प्रवाळाला) हात लावतो. कोरल जिवंत असतं, तुटलेली फांदी पुन्हा तेवढी व्हायला वर्षं लागतात. एका फोटोसाठी हे करायचं नाही, एवढं पक्कं ठरवूनच पुढे वाचा.

चाचणी सोपी आहे. ५ मीटरवर एका जागी थांबा, हात छातीशी धरा, फिन हलवू नका, फक्त श्वासावर एक मिनिट त्याच खोलीवर राहता येतंय का बघा. मग हेच काम हातात पाटी किंवा टॉर्च धरून करा, कारण कॅमेरा आला की एक हात गेलाच म्हणून समजा. जमत नसेल तर पुढच्या काही डायव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, बॉयन्सीचा वेगळा कोर्स असतो तो करा. कुठल्याही महागड्या लेन्सपेक्षा त्याने फोटो जास्त सुधारतात हे मी अगदी मनापासून सांगतोय.

स्नॉर्कलिंग करणाऱ्यांनी वेगळा विचार करायचा. तुम्हाला श्वास धरून खाली जायचंय आणि काही सेकंदात वर यायचंय, त्यामुळे दोन हातांनी धरायचं मोठं रिग (कॅमेरा, हाउसिंग, लाईट असं सगळं जोडलेलं) तुमच्या कामाचं नाही. एका हातात मावेल तेवढंच घ्या.

सावधान: कॅमेऱ्यात डोकं घातलं की हवा, खोली आणि बडी (सोबतचा जोडीदार) तिन्ही विसरायला होतात. दर दोन-तीन फोटोंनंतर गेज (हवा आणि खोली दाखवणारं मीटर) बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

टप्पा २: तीन उत्तरं कागदावर लिहा

दुकानात किंवा वेबसाइटवर जायच्या आधी हे लिहून काढा, डोक्यात ठेवू नका.

पहिलं, जास्तीत जास्त किती खोल जाणार. पोहण्याचा तलाव आणि स्नॉर्कलिंग असेल तर ५ मीटरच्या आतबाहेर. ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) सर्टिफिकेट असेल तर १८ मीटर, ॲडव्हान्स्ड असेल तर ३० मीटर, आणि रिक्रिएशनल डायव्हिंगची हद्द ४० मीटर. तुमचा आजचा आकडा लिहा आणि पुढच्या एक-दोन वर्षांत करणार असाल त्या कोर्सचाही लिहा.

दुसरं, काय काढायचंय. छोटे जीव, म्हणजे न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय), कोळंबी, बिळातून डोकं काढणारे ब्लेनी मासे? की मोठं दृश्य, म्हणजे रीफ, कासव, बुडालेलं जहाज, सोबतचा डायव्हर? "दोन्ही" हे उत्तर सगळेच देतात, पण पहिल्या वर्षासाठी एकच निवडा. मला विचाराल तर छोटे जीव निवडा. त्याला लाईट कमी लागतो, पाणी गढूळ असलं तरी चालतं आणि विषय एका जागी थांबतो.

तिसरं, फोटो की व्हिडिओ. यावर लाईटची सगळी निवड अवलंबून आहे आणि नेमकं हेच लोकं शेवटी ठरवतात.

टप्पा ३: पाणी फोटोचं काय करतं ते समजून घ्या

हे कळलं की पुढचे निर्णय आपोआप सोपे होतात, म्हणून पाच मिनिटं द्या.

पाणी रंग खातं. साधारण ५ मीटरपर्यंत लाल जवळजवळ गेलेला असतो, १० च्या सुमारास नारिंगी, २० च्या आसपास पिवळा, आणि मग हिरवा-निळाच उरतो. हे अंतर फक्त खोलीचं नाही. उजेड पृष्ठभागावरून विषयापर्यंत येतो आणि तिथून तुमच्या लेन्सपर्यंत जातो, हा सगळा प्रवास मोजायचा. म्हणजे तुम्ही ६ मीटरवर आहात आणि मासा तुमच्यापासून २ मीटर लांब आहे तर उजेडाने ८ मीटर पाणी कापलंय. म्हणूनच उथळ पाण्यातसुद्धा लांबून काढलेला फोटो निळा येतो आणि लोकं कॅमेऱ्याला दोष देतात.

पाणी जवळचं आणि मोठं दाखवतं. सपाट काचेमागून बघितलं की वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि एक तृतीयांश मोठी दिसते. छोटे जीव काढायला हा फायदाच, पण वाइड (रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सचं नुकसान होतं, हवेत ९० अंश दिसणारी लेन्स सपाट पोर्टमागे (पोर्ट म्हणजे हाउसिंगची लेन्ससमोरची काच) साधारण ६४ अंशच बघते.

आणि पाण्यात कण असतात. तुम्हाला डोळ्यांना स्वच्छ वाटलं तरी असतात. लेन्सच्या शेजारून फ्लॅश मारला की हे सगळे कण चमकून फोटोत ठिपके होतात, त्याला बॅकस्कॅटर म्हणतात.

तिन्हीवर उपाय एकच, जवळ जा. विषय एक मीटरच्या आत हवा, छोटा जीव असेल तर वीतभर. त्यामुळे झूम किती आहे हा प्रश्न कॅमेरा निवडताना विचारायचाच नाही, किती जवळून फोकस होतो हे विचारायचं.

टप्पा ४: हाउसिंग आणि कॅमेरा, दोन्ही एकत्र निवडा

हाउसिंग एकाच मॉडेलसाठी बनतं. त्याच कंपनीचा पुढचा कॅमेरा दिसायला सेम असला तरी एखादं बटण दोन मिलिमीटर सरकलेलं असतं आणि हाउसिंग बसत नाही. म्हणून आधी हाउसिंग आहे का, त्याची खोलीची हद्द काय, पोर्ट बदलता येतो का, फायबर ऑप्टिक केबल (फ्लॅशचा उजेड बाहेर नेणारी) जोडता येते का, हे सगळं बघायचं आणि मग त्यात बसणारा कॅमेरा घ्यायचा. पर्याय ढोबळमानाने असे आहेत.

फोन. फोनवर आयपी६८ (पाणी-धूळ आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून तो समुद्रात न्यायचा नाही. ती चाचणी स्थिर गोड्या पाण्यात, ठरावीक खोलीवर, ठरावीक वेळेसाठी, नव्या फोनवर केलेली असते, समुद्रात मीठ, लाटा आणि हालचाल तिन्ही असतात. मऊ प्लास्टिकचं पाउच फक्त पृष्ठभागावर शिंतोड्यांपासून वाचवायला ठीक. डायव्हिंगला फोनचं कडक हाउसिंग मिळतं, त्यात बटणं ब्लूटूथने ॲप चालवतात, कारण पाण्यात टचस्क्रीन चालत नाही. सुरुवातीला हे वाईट नाही, पण फोनवरून स्ट्रोब (बाहेरून जोडायचा पाण्याखालचा फ्लॅश) चालवणं सहसा जमत नाही, त्यामुळे फोटोपेक्षा व्हिडिओकडे कल असेल तरच घ्या.

ॲक्शन कॅमेरा. गोप्रो हीरो ५ पासूनचे बहुतेक हीरो मॉडेल हाउसिंगशिवाय १० मीटर जातात, डीजेआय ॲक्शन ४ ची हद्द १८ मीटर आहे, आणि डायव्ह हाउसिंग लावलं की दोन्ही ६० मीटरपर्यंत जातात. व्हिडिओला, मोठ्या दृश्याला आणि स्नॉर्कलिंगला उत्तम. पण बहुतेक मॉडेलचा फोकस फिक्स असतो त्यामुळे अगदी जवळचा छोटा जीव धूसर येतो, क्लोजअप लेन्स लावावी लागते. शिवाय वायफायचा रिमोट पाण्यात काही सेंटीमीटरच्या पुढे चालत नाही, रेडिओ लहरी पाण्यात मरतात, म्हणून लांब काठीवर लावून मोबाइलवर बघू असा बेत करू नका.

टफ कॅमेरा. पहिल्यांदा घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा हाच सुचवतो. उदाहरणार्थ ओएम सिस्टीमचा टीजी-७, २०२३ मध्ये आलेला, नुसता १५ मीटर आणि हाउसिंगसकट ४५ मीटर. मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटीमीटरवर फोकस होतो, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळते, पाण्याखालचे व्हाइट बॅलन्स (रंग बरोबर करायचे) मोड आहेत. उणिवाही सांगतो: सेन्सर छोटा आहे, १२ मेगापिक्सेलच, आणि पूर्ण मॅन्युअल मोड (सगळी सेटिंग स्वतः ठरवायचा) नाही. तरी छोट्या जीवांसाठी शिकायला यापेक्षा सोपं काही नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, १५ मीटर जातो म्हणून हाउसिंगशिवाय डायव्हिंगला नेऊ नका. हद्दीच्या जवळ गेलं की दाबाने बटणं आपोआप दाबली जातात आणि बॅटरीच्या झाकणात वाळूचा एक कण असला तरी पाणी आत येतं. हाउसिंग असलं की गळती झाली तरी आतला कॅमेरा बऱ्याचदा वाचतो, हा दुहेरी बंदोबस्त टफ कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

मोठ्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट किंवा मिररलेस (लेन्स बदलता येणारा). फोटोची क्वालिटी निश्चित चांगली, पण हाउसिंग, पोर्ट, लेन्स, लाईट असं सगळं वेगवेगळं घ्यावं लागतं आणि बऱ्याचदा हाउसिंगच कॅमेऱ्यापेक्षा महाग पडतं. जमिनीवर मॅन्युअल मोड हात न बघता वापरता येत असेल तरच इकडे या. पोलिकार्बोनेटचं हाउसिंग साधारण ४० ते ६० मीटरचं असतं, हलकं आणि स्वस्त, पारदर्शक असेल तर आत पाणी शिरलेलं लगेच दिसतं. ॲल्युमिनियमचं महाग, टिकाऊ आणि बऱ्याचदा १०० मीटरचं, बटणं जास्त नेमकी.

खोलीची हद्द वाचताना मार्जिन ठेवा. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरवर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ ३ किलोचा जादा भार. तळहाताएवढी खिडकी, १० बाय १० सेंटीमीटरची धरली, तरी तिच्यावर ३०० किलो. तुम्ही ३० मीटर जाणार असाल तर ३० मीटरची हद्द असलेलं काही घेऊ नका.

तपासा, पैसे देण्याआधी: रॉ निघते का, हाताने व्हाइट बॅलन्स दोन-तीन बटणांत होतो का, कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश आहे का, हाउसिंगमधून सगळी गरजेची बटणं चालतात का, आणि बॅटरी-कार्ड काढायला कॅमेरा पूर्ण बाहेर काढावा लागतो का. फ्लॅशचा मुद्दा फार जण विसरतात. फायबर ऑप्टिक केबल कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड बाहेरच्या स्ट्रोबला पोचवते, फ्लॅशच नसेल तर हाउसिंगमध्ये वेगळा ट्रिगर बसवावा लागतो.

जुनं घेत असाल तर आधी बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट-पांढरा गंज आहे का बघा, ओ-रिंगच्या (झाकण सील करणाऱ्या रबरी रिंगच्या) खाचेत नख फिरवून ओरखडा लागतो का बघा, आणि मग त्या हाउसिंगचा कॅमेरा बिघडला तर दुसरा मिळेल का ते शोधा. ज्या मॉडेलचं उत्पादन थांबलंय त्याचं हाउसिंग स्वस्तात मिळालं तरी पुढे अडचण होते.

टप्पा ५: पोर्ट आणि वेट लेन्स

छोटे जीव काढायचे तर सपाट पोर्ट, वाइड काढायचं तर डोम (घुमटासारखा) पोर्ट. डोममुळे पाण्यात कमी होणारा कोन परत मिळतो. पण त्यात एक गोम आहे. डोममधून लांबची वस्तूसुद्धा लेन्सला अगदी जवळ दिसते. डोमची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर अनंत अंतरावरचं दृश्यही डोमपासून साधारण ३० सेंटीमीटरवर असल्यासारखं दिसतं, त्यामुळे जी लेन्स तेवढ्या जवळ फोकस करू शकत नाही ती डोममागे कायम आंधळी राहते. लोकं इथे फसतात, डोम घेतात, लेन्स जुनीच ठेवतात आणि मग एकही फोटो शार्प येत नाही.

सुरुवातीला याच्या नादी न लागता वेट लेन्स घ्या असं मी म्हणेन. ही हाउसिंगच्या बाहेर लागते, पाण्यातच लावता-काढता येते, बऱ्याच ६७ मिलिमीटर थ्रेडच्या (आट्यांच्या) असतात. एकाच डायव्हमध्ये मॅक्रो (छोट्या जीवांचे क्लोजअप) आणि वाइड दोन्ही जमतं.

सावधान: वेट लेन्स पाण्यात गेल्यावर एकदा सैल करून मधली हवा बाहेर काढा. एक बुडबुडा राहिला तरी फोटोच्या मध्यभागी धूसर डाग येतो, आणि तो स्क्रीनवर पटकन दिसत नाही.

टप्पा ६: लाईट. इथे कंजूसी करू नका

पूर्ण बजेटमधला सगळ्यात मोठा फरक पाडणारा भाग हाच. साधा कॅमेरा आणि चांगला स्ट्रोब हे चांगला कॅमेरा आणि लाईट नाही यापेक्षा कितीतरी पटीने बरे. पैसे अपुरे पडत असतील तर कॅमेऱ्यात एक पायरी खाली या, लाईट गाळू नका.

फोटोसाठी स्ट्रोब, व्हिडिओसाठी व्हिडिओ लाईट. स्ट्रोब क्षणभरच पेटतो पण प्रचंड उजेड देतो, हालचाल गोठवतो, रंग परत आणतो. व्हिडिओ लाईट कायम पेटलेला असतो पण फोटोला त्याचा उजेड कमी पडतो आणि माशांना लांबूनच कळतं की कोणीतरी येतंय. लुमेनचे (उजेडाच्या मापाचे) मोठे आकडे बघून व्हिडिओ लाईट घेतला आणि त्यावर फोटो काढायचे हा बेत छोट्या जीवांपुरताच चालतो. ॲक्शन कॅमेरा किंवा फोन असेल तर मात्र व्हिडिओ लाईटच घ्यावा लागेल, बीमचा कोन रुंद घ्या, १०० अंश किंवा जास्त, नाहीतर मधोमध पांढरा गोळा आणि कडेला अंधार येतो.

एक की दोन? मॅक्रोला एक पुरतो. वाइडला दोन लागतात, पण आधी एकाने शिका, सावली कुठे पडते ते कळतं. दुसरा नंतर तोच मॉडेल घ्या म्हणजे उजेडाचा रंग सारखा राहील.

सावधान: स्ट्रोब कितीही ताकदीचा असला तरी त्याचा रंग एक ते दीड मीटरपर्यंतच पोचतो. त्याच्या पुढचं निळंच येणार.

स्ट्रोब लावायची जागा हा स्वतंत्र धडा आहे. तो लेन्सपासून लांब, बाजूला आणि पोर्टच्या थोडा मागे हवा, तोंड सरळ समोर किंवा किंचित बाहेर. आत, म्हणजे विषयाकडे वळवू नका. आत वळवला की लेन्स आणि विषय यांच्या मधल्या पाण्यावर उजेड पडतो आणि तिथले सगळे कण चमकतात. उजेडाची फक्त कड विषयाला लागायला हवी. पहिल्या पन्नास फोटोंत हे जमत नाही, कोणालाच जमत नाही, ते चालेल. घरी अंधाऱ्या खोलीत हाताच्या अंतरावर एखादी वस्तू ठेवून स्ट्रोब फिरवत वीस-तीस फोटो काढा, पाण्यात जायच्या आधीच अर्धं काम होतं.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश फायबरसाठीच वापरायचा, तो कमीत कमी ताकदीवर ठेवा, बॅटरी वाचते आणि पुढच्या फोटोला थांबावं लागत नाही. त्याचा उजेड पुढे जाऊ नये म्हणून हाउसिंगवर झाकण असतं ते लावलेलं आहे ना बघा. स्ट्रोबला पेन्सिल सेल लागत असतील तर रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड घ्या, चारही एकाच वेळी घेतलेले, एकाच वेळी चार्ज केलेले. जुना-नवा मिसळला की एक सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याला उलटं चार्ज करतात, त्यातून सेल गळतात.

लाल फिल्टर हा लाईटला पर्याय नाही. तो फक्त नैसर्गिक उजेडात, साधारण ५ ते २० मीटर, सूर्य पाठीशी असताना उपयोगी, आणि तोही व्हिडिओला जास्त. फिल्टर आणि स्ट्रोब एकत्र लावले की जवळचं सगळं लालभडक येतं. फिल्टर किंवा नुसता नैसर्गिक उजेड वापरत असाल तर दर ३-४ मीटर खोली बदलल्यावर व्हाइट बॅलन्स नव्याने सेट करा, पांढरी पाटी समोर धरून.

टप्पा ७: ट्रे, आर्म आणि वजन

कॅमेरा ट्रेवर बसतो, ट्रेला एक किंवा दोन हँडल, हँडलवर बॉल, बॉलला क्लॅम्प, क्लॅम्पला आर्म, आर्मच्या टोकाला स्ट्रोब. बॉल एक इंची घ्या, बहुतेक कंपन्यांचे एकमेकांना जुळतात. मॅक्रोला आखूड आर्म चालतात, वाइडला लांब हवेत. फक्त वाकणारा, सापासारखा आर्म स्वस्त असतो पण जड स्ट्रोबखाली हळूहळू खाली येतो, त्यावर छोटा लाईटच लावा.

वजन मोजल्याशिवाय समुद्रात जाऊ नका. सामान मोजायचा हुकाचा काटा घ्या, पूर्ण रिग त्याला टांगा आणि पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून आकडा वाचा. हवेत ३ किलो असलेलं रिग पाण्यात काहीशे ग्रॅमच भरतं. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे ३ लिटर जागा घेणारं रिग तिथे अजून ७५ ग्रॅम हलकं होईल, तेवढं धरून चाला. हवंय ते किंचित बुडणारं. जास्त जड असेल तर मनगट दुखतं आणि कॅमेरा पुढे झुकतो, त्याला तरंगणारे फ्लोट आर्म लावायचे, प्रत्येकावर किती ग्रॅम उचलतो ते लिहिलेलं असतं. वर तरंगणारं रिग डायव्हिंगला आणखी वाईट. स्नॉर्कलिंगला मात्र उलटं, तिथे सुटलं तर वर यायला हवं.

लॅनयार्ड (कॅमेरा अडकवायची दोरी) घ्या, पण मनगटाला पक्की गाठ मारून नको. क्लिपने बीसीडीला (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटला) अडकवा आणि एका हाताने सुटतं का ते जमिनीवर दहा वेळा करून बघा. अडचणीच्या वेळी दोन्ही हात मोकळे व्हायला हवेत, कॅमेरा गेला तरी चालेल.

टप्पा ८: ओ-रिंग आणि गळतीची तपासणी

पाणी शिरतं ते बहुतेक वेळा हाउसिंग खराब असल्यामुळे नाही, घाईत बंद केल्यामुळे. माझ्या एका डायव्हला ओ-रिंगवर एक केस राहिला होता, डोळ्याला दिसलाच नाही, दोन मीटरवर हाउसिंगच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तेवढ्यात वर आलो म्हणून कॅमेरा वाचला. तेव्हापासून हे काम मी एकटाच बसून, कोणाशी न बोलता करतो आणि तुम्हीही तसंच करा. बोटीवर नाही, आदल्या रात्री खोलीत.

क्रम असा:

१. हात धुवा, कोरडे करा. केस बांधा किंवा टोपी घाला. टेबल पुसा, पंखा बंद करा.

२. कॅमेऱ्यात चार्ज बॅटरी, रिकामं कार्ड. लेन्सचं झाकण काढलंय ना? हाउसिंग बंद करून पाण्यात गेल्यावर झाकण आठवणारे लोक मी बरेच पाहिलेत.

३. मुख्य ओ-रिंग दोन बोटांनी चिमटून वर उचला किंवा प्लास्टिकच्या हुकाने काढा. सुई, चाकू, स्क्रूड्रायव्हर बिलकुल नाही, खाचेला ओरखडा पडला की तो कायमचा.

४. ओ-रिंग बोटांमधून हळू फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं, वाळू, चीर, चपटा भाग लगेच लागतो. खाच न झडणाऱ्या कापडाने पुसा, कापसाचे धागे सुटतात म्हणून कापूस नको.

५. ग्रीस मटारच्या दाण्यापेक्षा कमी. रिंग फक्त चमकायला हवी, ग्रीसचा गोळा कुठेच दिसता कामा नये. ग्रीस पाणी अडवत नाही, ते फक्त रिंगला नीट सरकू देतं, जास्त झालं तर उलट वाळू आणि केस चिकटतात. आणि ग्रीस हाउसिंगच्या कंपनीने सांगितलेलंच वापरा, कारण रिंग सिलिकॉनची असेल तर साधं सिलिकॉन ग्रीस तिला फुगवतं. पेट्रोलियम जेली लावू नका.

६. सिलिका जेलची (ओलावा शोषणारी) पुडी आत, ओ-रिंगला लागणार नाही अशी. हाउसिंग थंड कोरड्या खोलीत बंद करा, दमट हवा आत अडकली की थंड पाण्यात काचेला आतून वाफ धरते.

७. बंद करताना कडेने चारही बाजूंनी बघा. पारदर्शक हाउसिंग असेल तर ओ-रिंगची काळी रेघ सलग दिसते, कुठे तुटली तर उघडा आणि पुन्हा सुरुवातीपासून.

८. टेस्ट फोटो काढा. फोकस झाला? स्ट्रोब पेटला? सगळी बटणं चालली?

हाउसिंगला व्हॅक्यूम सिस्टीम बसत असेल तर जरूर बसवा. पंपाने आतली हवा ओढायची, हिरवा दिवा लागतो, अर्धा तास तसंच ठेवायचं, हिरवाच राहिला तर सील पक्कं. पाण्यात जायच्या आधी गळती सांगणारं साधन हेच. नुसता ओलाव्याचा अलार्म पाणी आत आल्यावर वाजतो.

टप्पा ९: पहिली डायव्ह

नवीन हाउसिंग पहिल्यांदा रिकामं न्या, आत कॅमेऱ्याऐवजी कोरडा टिश्यू पेपर. रिकामं हाउसिंग वर ओढतं म्हणून आत कापडात गुंडाळलेलं थोडं वजन ठेवा. वर आल्यावर टिश्यू कोरडा असेल तरच पुढच्या डायव्हला कॅमेरा.

कॅमेरा हातात घेऊन बोटीवरून उडी मारायची नाही. आधी तुम्ही पाण्यात जा, मग कोणाला तरी द्यायला सांगा. उडीच्या क्षणी आपटून दाब एकदम वाढतो आणि लॅच (झाकणाची कडी) उघडूही शकतो.

१-२ मीटरवर थांबा. हाउसिंग सगळीकडून फिरवून बघा. पोर्टच्या कडेला अडकलेले बुडबुडे हाताने पुसून टाका, त्यानंतरही एकाच जागेतून बुडबुडे येत राहिले तर वर या. उथळ पाण्यात दाब कमी असतो, ओ-रिंग पूर्ण दाबली गेलेली नसते, म्हणून बऱ्याच गळत्या इथेच कळतात.

सावधान: खोलवर असताना आत पाणी दिसलं तरी घाईने वर येऊ नका. कॅमेरा बंद करा, पोर्ट खाली धरा म्हणजे पाणी पोर्टमध्ये साचेल, आणि नेहमीच्याच वेगाने, मिनिटाला ९ मीटरच्या आत, ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा घेऊनच वर या. बाहेर आल्यावर पहिलं काम बॅटरी काढणं. चालू करून बघू नका.

टप्पा १०: डायव्ह संपल्यावर

मीठ सुकायच्या आत गोड्या पाण्यात बुडवा, निदान अर्धा तास, आणि पाण्यातच प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबा, लीव्हर फिरवा. नळाखाली धरून भागत नाही, बटणांच्या मागे मीठ बसतं आणि काही डायव्हनंतर बटण अडकतं. बोटीवर सगळ्यांचे कॅमेरे एका टबात असतात तिथे बुडवून काढून घ्या, सोडून जाऊ नका, एकमेकांवर आपटून लॅच उघडतात आणि डोमवर ओरखडे येतात.

मग पुसून कोरडं झाल्यावर, केस आणि बाह्या कोरड्या असल्याची खात्री करून, झाकण खाली राहील असं धरून उघडा, म्हणजे फटीतला थेंब कॅमेऱ्यावर न पडता खाली पडेल. स्ट्रोबमधून सेल काढा.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांना टेप लावून. मुख्य ओ-रिंग काढून छोट्या पिशवीत ठेवा म्हणजे प्रवासात हाउसिंग सील होणार नाही. जास्त दिवस वापरणार नसाल तरी ओ-रिंग बाहेरच ठेवा, दाबून राहिली की चपटी होते. मुख्य ओ-रिंग वर्षातून एकदा बदला आणि एक जादा कायम सामानात असू द्या. बटणांच्या आतल्या रिंगा आपल्याला बदलता येत नाहीत, त्यासाठी हाउसिंग कंपनीच्या सर्व्हिसला पाठवायचं, पुढच्या मोठ्या ट्रिपच्या दोन महिने आधी, म्हणजे परत आल्यावर पुन्हा रिकामी डायव्ह करून बघायला वेळ राहतो.